टंकन साहाय्य : सुहासिनी

मी, सुहासिनी पंढरीनाथ हुपरीकर, वय वर्षे पंचाहत्तर पूर्ण, व्यवसाय घरकाम व लेखन, राहणार जवाहर नगर, जयपूर, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी मला धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलूनही हे लिहून घेतलेले नाही. गोड बोलून माझ्याकडून जे करून घ्यायचे होते ते आधीच करून झाले आहे, ते पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आजवर प्रत्येक सरकारी कागदावर व्यवसायासमोर मी 'गृहिणी' लिहिले. 'लेखन' हा शब्द इथे पहिल्यांदा लिहीत आहे, तो कोणी चूक समजून काढू नये.

कलम १. जवाहर नगरच्या घरातला निम्मा हिस्सा माझ्या नावावर आहे. तो माझे पती पंढरीनाथ यांना त्यांच्या हयातीपर्यंत मिळावा व नंतर मुलगा तन्मय याला. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी प्रणाली साताऱ्याची आहे आणि इथे एका कंपनीत संगणकाचे काम करते. तिला खोली सोडायला सांगायची वेळ आली तर निदान तीन महिने आधी सांगावे. ती माझी कोणी लागत नाही, पण या कागदात तिचे नाव काहींच्या आधी आले आहे. त्याचे कारण वाचणाऱ्याला कळेल.

कलम २. माझ्या अंगावरचे सोने सून अमिता हिला. इथल्या बगरू गावच्या हातछपाईच्या सात साड्याही तिलाच. तिने त्या नेसाव्यात. बंगळुरूच्या घरात उशांचे अभ्रे करू नयेत. बँकेतले जे काही असेल ते नात अनुया हिला. त्याला अट नाही. तिला मराठी अडखळत वाचता येते, हिंदीच्या चालीवर. तिने वाचावे अशी माझी इच्छा आहे, पण इच्छा म्हणजे अट नव्हे, एवढे मला कळते.

कलम ३. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत चार जुने कळफलक आहेत. चारही बंद पडलेले. भंगारवाल्याला देण्याआधी हे कलम वाचावे.

मी मूळची सांगलीची. लग्नाआधी चार वर्षे तिथल्या एका सरकारी कार्यालयात टंकलेखिका होते. लग्नानंतर पंढरीनाथांच्या विमा कंपनीने आम्हाला चार गावे फिरवली आणि चौऱ्याऐंशी साली जयपूरला आणले, ते आम्ही इथलेच झालो. सन दोन हजारमध्ये तन्मयच्या अभ्यासासाठी संगणक आला. तो कॉलेजला गेला की संगणक रिकामा आणि घरात मी. तेव्हाच अलका आली.

अलका सदाशिव गायधनी. नाशिकची. सदाशिवराव बँकेत होते, बदलीवर आले होते, पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी इथेच नोकरी धरली. अलकाइतके छान बोलणारे माणूस मी आजवर पाहिलेले नाही. भाजी घेऊन आली तरी भाजीवाल्याची हकिकत अशी सांगे की सासूबाई जप थांबवून ऐकत. एक दिवस ती म्हणाली, "सुहास, आपण दोघी मिळून एक कादंबरी लिहू या का?" मी हसले. ती हसली नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ते दीड. ती झोपाळ्यावर बसून बोले, मी संगणकापुढे. ती म्हणे, "एक बाई आहे, नवऱ्याची बदली झालीय आणि हिला जायचं नाहीये." मग तिला पुढचे सुचेपर्यंत ती उठून खिडकीशी जाई. मी ती बाई लिहायला लागे. तिचे घर, तिचा नवरा, ती ट्रंकेत काय भरते आणि काय विसरल्याचे सोंग करते, ते सगळे. शुक्रवारी अलका वाचून म्हणे, "अगं, ही तर मला भेटलेली बाई." मग ती त्या बाईच्या तोंडी दोन वाक्ये अशी घाले की पान जिवंत होई. अलकाचे त्यात काहीच नव्हते असे मी मरतानाही लिहिणार नाही. बोलणे तिचे असे, गप्प बसणे माझे. कादंबरीला दोन्ही लागते.

नाव घेतले 'गौतमी परदेशी'. गौतमी तिच्या नाशिकच्या गोदावरीची. परदेशी मी सुचवले, कारण आमच्या वाण्याकडे उधारीच्या वहीत आम्हा मराठी बायकांना तेच नाव होते. दोन हजार दोन ते चौदा या काळात गौतमी परदेशीच्या पाच कादंबऱ्या पुण्याच्या एका लहान प्रकाशकाने काढल्या. पत्रव्यवहार आणि फोन अलका करी. मानधनाचा निम्मा वाटा ती दर दिवाळीला लिफाफ्यात घालून घरी आणून देई. पैशाबाबत तिने मला कधी फसवले नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे पुढच्या गोष्टीचा कोणी तसा अर्थ लावणार नाही.

आता माझी चूक. सासूबाई विचारत, "काय बडवतेस गं सारखी?"

मी म्हणे, "अलकाचं टाइप करतेय."

"पैसे देते का?"

"देते."

"मग बडव."

पंढरीनाथांनाही मी तेच सांगितले. सुनेने टंकलेखन केले तर तो घराला हातभार. सुनेने कादंबरी लिहिली तर पोळ्या कोण करणार, असा प्रश्न होता. टंकलेखिका तर मी होतेच. त्या शब्दाआड मला ते अडीच तास मिळत. सासूबाई दोन हजार सहामध्ये गेल्या. त्यानंतर खरे सांगायला हरकत नव्हती. पण खोटे सहा वर्षांचे झाले होते आणि घरात त्याची जागा ठरून गेली होती.

कलम ४. दोन हजार पंधरामध्ये गायधनी कुटुंब पुण्याला गेले. जाताना अलका माझ्या गळ्यात पडून रडली. ते रडणे खरे होते, असे मी आजही मानते. ती गेल्यावरही मी एकटीने थोडेफार लिहीत राहिले, घरात ते अलकाचेच टाइप होते.

दोन हजार एकवीसमध्ये एका दुपारी मी दुधी किसत होते. पंढरीनाथ आत आले, खुशीत. म्हणाले, "पुण्याहून अलकावहिनींच्या प्रकाशकांचा फोन होता. पाचही पुस्तकं एकत्र काढतायत. विचारत होते, जयपूरला मिसेस हुपरीकर टाइप करून द्यायच्या ना? मी म्हटलं, हो, वीस वर्षं बघतोय की मी. आभारात नाव घालणार आहेत तुझं."

त्यांना वाटले मी आनंदाने गप्प आहे. मी दुधी किसत राहिले. तेव्हाच तोंड उघडायला हवे होते. पण वीस वर्षे सांगितलेले खोटे त्यांनी माझ्याच हातात आणून दिले होते, आणि तेही कौतुकाने.

दुसऱ्या दिवशी मी अलकाला फोन केला. ती म्हणाली, "अगं, त्यांचा काहीतरी गोंधळ झालाय. मी बोलते त्यांच्याशी. तू काळजी करू नकोस."

पाच महिन्यांनी पार्सल आले. जाडजूड ग्रंथ. मुखपृष्ठावर 'अलका गायधनी', खाली कंसात गौतमी परदेशी. आतल्या आभारांच्या पानावर, मुद्रकाच्या वर आणि चित्रकाराच्या खाली, एक ओळ: 'टंकन साहाय्य : सुहासिनी, जयपूर.' आडनावसुद्धा नाही.

मी पुन्हा फोन केला. त्या फोनमधले शब्द मी विसरलेले नाही.

"अलके, हे काय आहे?"

"सुहास, ते म्हणाले एका पुस्तकाला एक चेहरा लागतो. दोन बायका, एक टोपणनाव, हे लोकांना समजत नाही. आणि मुलाखती कोण देणार होतं? तू?"

"मला विचारायचं होतंस."

ती थोडा वेळ बोलली नाही. ती बोलत नाही असे मी प्रथमच ऐकत होते. मग म्हणाली, "तूच तर सगळ्यांना सांगायचीस, टाइप करते म्हणून. तुझ्या सासूला, भावजींना, मराठी मंडळातल्या बायकांना. आता मी काय सांगू? आम्ही दोघी वीस वर्षं खोटं बोललो म्हणून?"

मी फोन ठेवला. परक्याने लबाडी केली असती तर मी भांडले असते. हिने माझाच आडोसा उचलला आणि त्याचे दार बाहेरून लावून घेतले. त्यानंतर अडीच वर्षे मी एक ओळ लिहिली नाही. चौथा कळफलक त्याच सुमारास बंद पडला. मी तो बदलला नाही. पंढरीनाथ एकदा म्हणाले, "हल्ली टाइपचं काम नसतं का तुला?" मी म्हटले, "नसतं."

कलम ५. कपाटात वरच्या खणात एक जांभळी शाल आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, न वापरलेली. तिची हकिकत अशी. दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत जयपुरातल्या मराठी मंडळींनी अलकाचा सत्कार ठेवला. मी जाणार नव्हते. पंढरीनाथ म्हणाले, "तुझी इतकी मैत्रीण, आणि तू नाही?" मग गेले.

अलका चाळीस मिनिटे बोलली. सभागृह हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. मीसुद्धा हसले, ते माझ्या हातात नव्हते. मग ती म्हणाली, "इथे समोर माझ्या सुहासताई बसल्यात. मी बोलायचे आणि यांची बोटं धावायची. माझ्या शब्दाला यांनी कधी खाडाखोड केली नाही. या ना, वर या."

दीडशे माणसे वळून बघत होती. पंढरीनाथांनी माझी पर्स धरली आणि म्हणाले, "जा, जा." मी वर गेले. शाल घेतली. नारळ घेतला. वाकून नमस्कारही केला. तिने मला जवळ घेतले तेव्हा तिच्या अंगाला तोच जुना पावडरीचा वास होता. ती कानात म्हणाली, "रागावली नाहीस ना?" मी मान हलवली. ती मान 'नाही' म्हणाली की 'हो', ते मलाही माहीत नाही.

त्या शालीचे तुकडे करून घरातल्या खिडक्या पुसाव्यात. नारळाची मी त्याच आठवड्यात चटणी केली. चांगली झाली होती.

कलम ६. आता पाचवा कळफलक, जो चालू आहे आणि ज्यावर हे लिहिते आहे.

त्या कार्यक्रमानंतर महिन्याभराने प्रणाली विरजण मागायला खाली आली. मी माळा आवरत होते, पेटी उघडी होती. तिने चारही कळफलक जमिनीवर ओळीने मांडले आणि उकिडवी बसून बघत राहिली. म्हणाली, "काकू, तुम्ही दुसऱ्याचं बघून टाइप करायचात?"

"लोक तसं म्हणतात."

"मग ही कळ अशी कशी झिजली?" तिने बॅकस्पेसवर बोट ठेवले. चारही कळफलकांवर ती कळ आरशासारखी गुळगुळीत झाली होती, एकीला तर मधे खळगा पडला होता. "बघून टाइप करणारा चुकला तरच खोडतो. आणि तुम्ही तर शिकलेल्या टायपिस्ट, तुम्ही कितीशा चुकणार? इतकं खोडतो तो विचार करणारा माणूस."

साताऱ्याच्या त्या सत्तावीस वर्षांच्या पोरीला मी सगळे सांगितले. नवऱ्याच्या आधी, मुलाच्या आधी. तिने मधे एकदाही 'अरेरे' म्हटले नाही. ऐकून झाल्यावर विचारले, "आता लिहायचंय का?"

मी बोटे दाखवली. सांधे सुजतात. ती म्हणाली, "मग चांगला कळफलक घेऊ. हे चारही तुम्हाला मिळेल तसे घेतलेत."

ते खरे होते. पहिला संगणकाबरोबर आला. दुसरा तन्मयने स्वस्तात मिळाला म्हणून आणला, वर्षभरात त्याची निम्मी अक्षरे पुसली गेली. तिसरा त्यातल्या त्यात बरा. चौथा दिसायला इतका चपटा आणि देखणा की तो चौदा महिन्यांत मेला याचे आश्चर्य वाटले नाही. प्रणालीने मला शिकवले की या चारांच्या कळांखाली एकच रबराची चादर असते. इथल्या उन्हाळ्यात ती कडक होते, आंधीची धूळ आत शिरते आणि मग कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. भरपूर लिहिणाऱ्याने प्रत्येक कळीला स्वतःची स्प्रिंग असलेला, 'मेकॅनिकल' म्हणतात तो, घ्यावा. एक कळ बिघडली तर तेवढीच काढून बदलता येते. अक्षरे वरून छापलेली नकोत, प्लास्टिकमध्येच घडवलेली हवीत. स्प्रिंग हलकी हवी, म्हणजे सांध्यांना मार बसत नाही. वायरवाला बरा, त्याला बॅटरी नाही. आणि पुठ्ठ्यावर काय लिहिले आहे ते न वाचता दुकानात बसून निदान एक परिच्छेद टाइप करून पाहावा. हे सगळे अनुयासाठी लिहून ठेवते, तिला उपयोगी पडेल.

मालवीय नगरच्या दुकानात पंढरीनाथ पिशवी धरायला आले होते. दुकानदाराने मला बघून विचारले, "माताजी, पोते के लिए? गेमिंग?"

"नहीं भैया, मेरे लिए."

त्याने तीन कळफलक काउंटरवर मांडले. एकाचा टकटक आवाज फार, माझ्या सांगलीच्या ऑफिसची आठवण झाली, पण घरात दुपारी झोपणारे माणूस आहे. दुसऱ्याची कळ लोण्यासारखी खाली जाई, कळ लागली की नाही ते बोटाला कळेना. तिसऱ्यात मधे एक बारीकसा अडथळा लागे, होकार दिल्यासारखा. मी त्याच्यावर एक परिच्छेद टाइप केला. मनात दोन वर्षे अडकून पडलेला परिच्छेद होता. दुकानदार बोटांकडे बघत राहिला.

"इतना क्या टाइप करती हैं, माताजी? दफ़्तर का काम?"

'हो' म्हणणे सोपे होते. चोवीस वर्षे तेच केले होते. मी म्हणाले, "उपन्यास लिखती हूँ."

तो म्हणाला, "अच्छा," आणि बिल करायला लागला. पंढरीनाथ पिशवी धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ऑटोत बसलो, अर्धा रस्ता गेला, तेव्हा त्यांनी विचारले, "कधीपासून?"

"दोन हजार सालापासून."

"म्हणजे ती पाचही?"

"पाचही. अलका आणि मी."

घरी दारात किल्ली लावताना ते म्हणाले, "प्रकाशकाला मी हो म्हटलं होतं."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"विचारलंही नव्हतं," ते म्हणाले.

त्यानंतर चार महिने त्यांनी तो ग्रंथ वाचला, रोज सकाळी, विम्याच्या फायली वाचत तसा, पट्टी धरून. तिसऱ्या कादंबरीत एक नवरा आहे. तो चांगला आहे, बायकोच्या औषधाची वेळ चुकवत नाही, आणि तेवीस वर्षांत तिला एकही प्रश्न विचारत नाही. पंढरीनाथ पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आले. "हा मी आहे का?"

"हो."

ते म्हणाले, "हुबेहूब लिहिलायस," आणि पाण्याचा ग्लास भरून घेऊन गेले. एक्कावन्न वर्षांच्या संसारात माझ्या लेखनाला मिळालेला हा पहिला अभिप्राय. मी गॅस बंद करून खाली बसले.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या कळफलकावर प्रकाशकाला पत्र लिहिले. दोन बोटांनी, तीन दिवस लागले. पत्रात त्यांनी लिहिले होते, 'माझ्याकडून फोनवर चुकीची माहिती दिली गेली, ती मी साक्षीनिशी मागे घेत आहे.' प्रकाशकाचे उत्तर आले, पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करू. पुढील आवृत्ती निघाल्याचे ऐकिवात नाही.

सबब, हा पाचवा कळफलक पंढरीनाथांनी वापरावा व त्यांच्या पश्चात तो अनुयाला मिळावा. दुकानदाराने सांगितले होते की एकेक कळ पाच कोटी वेळा दाबता येते. प्रणालीने हिशेब केला, सगळ्यात जास्त वापरली जाणारी कळसुद्धा शंभर वर्षे पुरेल. आपल्यापेक्षा जास्त टिकणारी वस्तू विकत घेतली की ती कोणाला द्यायची ते लिहून ठेवावे लागते. हे मृत्युपत्र करायचे डोक्यात आले ते त्या हिशेबाने.

कलम ७. पाच कादंबऱ्यांवर माझा जो काही हक्क असेल तो तन्मयला. त्याने कोर्टात जाऊ नये. फोनवर तो चिडून म्हणाला होता, "आई, आपण केस करू. मतलब, तुझ्याकडे प्रूफ काय आहे?" मी म्हटले, "चार बंद कळफलक." तो म्हणाला, "मी वाचेन गं ती पुस्तकं." अजून पहिलीच्या चाळिसाव्या पानावर आहे, पण रविवारी फोन करून शब्द विचारतो. मला तेवढा निकाल पुरे. चार कळफलक त्यानेच ठेवावेत.

कलम ८. सहावी कादंबरी संगणकात 'भाजीचा हिशेब' या नावाच्या फोल्डरमध्ये आहे. सवय. तिची अकरा प्रकरणे झाली आहेत. ती माझ्या पूर्ण नावाने, आडनावासह, छापावी. मी पुरी करून गेले तर उत्तम. अपुरी राहिली तर अपुरी छापावी. प्रुफे प्रणालीने तपासावीत, आणि त्याबद्दल माझ्या पुस्तकांचे कपाट तिला द्यावे. कोणीही, कितीही जवळचे असले तरी, ती पुरी करू नये.

हे वाक्य लिहिण्याचे कारण गेल्या महिन्यात घडले. दिवाळीनंतर अलकाचा फोन आला. सदाशिवरावांना जाऊन वर्ष झाले. तिचा आवाज बारीक झाला आहे. इकडचे तिकडचे झाल्यावर ती म्हणाली, "प्रकाशक सहावी मागतोय गं. मला काही सुचत नाही. म्हणजे सुचतं, पण कागदावर उतरत नाही. सुहास, पुन्हा मंगळवार-शुक्रवार करू या का? फोनवर. मी बोलेन, तू लिही. या वेळी दोघींची नावं घालू. शपथ."

मला हो म्हणायचे होते. हे मी इथे कबूल करते, कारण इथे खोटे लिहिले तर सगळाच कागद खोटा. ती बोलायला लागली की माझी बोटे आपोआप कळांवर जातात. तिच्याबरोबर लिहिताना मी जितकी सुखी होते तितकी एकटीने लिहिताना नाही. तिने माझे नाव काढून घेतले ते मी कधीतरी विसरले असते. पण ती अडीच तासांची सकाळ, तो झोपाळा, ती मधेच खिडकीशी जायची ते, हे सगळे माझ्यासाठी जे होते ते तिच्यासाठीही होते असे मी धरून चालले होते. तिने जगाला सांगितले की त्या खोलीत ती एकटीच होती. माझ्या त्या पंधरा वर्षांत आता मलाही कधीकधी झोपाळ्यावर कोणी दिसत नाही. हे नुकसान कुठल्याही आवृत्तीत दुरुस्त होणारे नाही.

मी म्हटले, "अलके, माझं लिहिणं चालू आहे."

"काय लिहितेस?" तिने विचारले. खऱ्या उत्सुकतेने विचारले.

"सांगणार नाही," मी म्हटले. तिला असे मी पहिल्यांदाच म्हणाले. मग तिने फोन ठेवला.

कलम ९. माझ्यामागे दिवस वगैरे करायचे ते पंढरीनाथांच्या मर्जीने करावेत. अलकाला कळवावे. व्हॉट्सअॅपवर नव्हे, फोन करून, आणि तो पंढरीनाथांनीच करावा. ती आली तर तिला स्टेशनवर घ्यायला तन्मयने जावे. तिला चहा बिनसाखरेचा लागतो. तिला झोपाळ्यावर बसू द्यावे, हवे तितका वेळ, रडली तर रडू द्यावे, कोणी जुने काढून तिला बोलू नये.

फक्त लोक जमले की तिला माझ्याविषयी चार शब्द बोलायला सांगू नये. ती आपणहून उठली तरी पंढरीनाथांनी तिला हाताला धरून खाली बसवावे. ती फार सुंदर बोलेल. सगळ्यांना ते खरे वाटेल, आणि मी तिथे नसेन.

वरील नऊ कलमे मी स्वतः लिहिली, स्वतः खोडली आणि पुन्हा लिहिली. कोणी सांगितली नाहीत. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली व त्यांनी माझ्यासमोर. शेजारच्या कीर्तीजींना मराठी वाचता येत नाही. त्यांनी विचारले, "इसमें क्या लिखा है, दीदी?" मी सांगितले की जे आहे ते माझे आहे. त्यांनी सही केली.

(सही) सुहासिनी पंढरीनाथ हुपरीकर

साक्षीदार :
१. (सही) श्रीमती कीर्ती माथुर, शेजारी, जवाहर नगर, जयपूर
२. (सही) श्री. संकेत वामन ओगले, मालवीय नगर, जयपूर

स्थळ : जयपूर
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, सकाळी साडेअकरा